शोला बसलेली बाई

दोन वर्षं मी रोज सकाळी रामनगरहून बेळगावला निघत होते आणि रोज साडेनवाच्या आत माझ्या शिलाई मशीनवर परत येऊन बसत होते. मधल्या वेळात गाडी जागची हललेलीसुद्धा नसायची. हे कोडं नाही, धंदा आहे, आणि तो नीट सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

स्टँडसमोर माझी ब्लाउज शिवायची खोली आहे. खोलीच्या दारातच बेळगावचं वडाप लागतं. वडाप म्हणजे भरली की सुटणारी खाजगी गाडी. बारा माणसांची. तिला वेळापत्रक नाही, भरणं हेच वेळापत्रक. आता गंमत अशी, की रिकाम्या गाडीत कुणी बसत नाही. जो तो लांब टपरीवर उभा राहून डोकावतो, आत दोनच माणसं दिसली की चहा मागवतो. जेवणावळीत पहिला पाट कुणी धरायचा, तसला प्रकार. दहा जणांना जायचं असतं आणि दहाही जण बाकीच्या नवांची वाट बघत उभे असतात. म्हणून ड्रायव्हर आधी चार-पाच रिकामटेकडी माणसं आत बसवतो. आमच्याकडे त्याला शोला बसणं म्हणतात. गाडी भरत आलेली दिसली की टपरीवरचे लगबगीनं येतात, आणि खरं माणूस एक आलं की शोचं एक उतरतं. एकाला फोन येतो, एकाला तंबाखू थुंकायची असते, एक जण पाणी आणायला जातो तो गेलाच.

शोला एक तरी बाई लागते. सगळे बाप्येच बसलेल्या गाडीत एकटी बाई पाय ठेवत नाही. त्यात सरकारी बस बायकांना फुकट झाली, तेव्हापासून वडापकडे बाई वळेनाच. वळली तर फक्त घाईची. त्या घाईच्या बाईला आत एक बाई दिसली पाहिजे, ती मी. ड्रायव्हर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणतो. सकाळी खोलीच्या दारात येऊन म्हणायचा, "अक्का, वाईच बसा की शोला." त्या बदल्यात तो बेळगावहून माझं अस्तर, रीळ, हुक आणून द्यायचा. माझी खेप वाचायची.

मी नुसती बसत नव्हते, हेही सांगते. बाकीचे शोवाले नंदीबैलासारखे बसायचे. कुणाच्या हातात पिशवी नाही, पायात घरातली चप्पल. मी चांगली साडी नेसायची, मांडीवर हँडबॅग घ्यायची, बॅग फुगलेली दिसावी म्हणून तिच्यात चिंध्या कोंबायची. आणि कुणी दारापाशी येऊन घुटमळलं की ड्रायव्हरवर ओरडायची, "कवा सोडनार रे बाबा? दुपार करतोस काय?" तो ओशाळल्यासारखं करून म्हणायचा, "सुटलीच अक्का, एकच सीट." घुटमळणारा बसायचा. माझी जीभ मुळात तिखट, तिला तिथं काम मिळालं होतं. स्टँडवर माझ्या ओरडण्याचं कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं. खोटं बोलतेय असं एकदाही वाटलं नाही. कारण गाडी शेवटी सुटायचीच, माणसं बेळगावला पोचायचीच.

आणि वडापला मी आजही नावं ठेवणार नाही. बस माणसाला स्टँडवर सोडते, वडाप दवाखान्याच्या फाटकात सोडतं. बारा माणसं एका गाडीतून गेली तर अकरा गाड्या घरी राहतात आणि शहरातला रस्ता मोकळा राहतो, एवढा हिशोब मलाही कळतो. एकदा शहरातून एक बाई वही घेऊन आल्या होत्या, लोक कशानं प्रवास करतात ते विचारत. बेळगावला किती वेळ लागतो, म्हणाल्या. मी म्हटलं, वडापनं दीड तास, बसनं अडीच. त्यांनी लिहून घेतलं. दीड तास सुटल्यापासून की बसल्यापासून, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या दिवशी श्रावण सरत आला होता. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप होती. पावणेआठला मी गाडीत मधल्या ओळीत, खिडकीशी, माझ्या ठरलेल्या जागी. समोर आठची सरकारी बस उभी, बायकांनी ठासून भरलेली. तेवढ्यात एक पोरगी आली. अठरा-एकोणीस वर्षांची, केस चप्प बसवलेले, नवा पंजाबी ड्रेस. छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. ती बसकडे गेली, दारातली गर्दी बघून थांबली, परत वडापकडे आली. ड्रायव्हर "बेळगाव, बेळगाव" करत पुढं झाला, पण तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. सरळ खिडकीशी येऊन मला विचारलं.

"मावशी, ही आदी पोचंल, का बस?"

"बस काय, हरएक झाडाखाली थांबत जाती," मी म्हटलं. "ही निघायलीच बग. ये, माज्याजवळ बस."

आणि सरकून मी सीटवर हातानं थोपटलं. तिची घाई कसली, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. तोंडाला वळण पडलं होतं. ती चढली, बसली आणि समोरची बस तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

गाडीत तेव्हा नऊ माणसं दिसत होती. त्यातली खरी चार. ही पोरगी, लेकीला गावठी काकड्यांचं पोतं घेऊन निघालेला एक म्हातारा, आणि दोन गवंडी. बाकी आम्ही पाच जण शोचे.

बस वळणापलीकडे गेल्यावर ती जरा सैल बसली. मीच विचारलं, कुठली गं तू? दिग्गीकडची, म्हणाली. काल दुपारीच निघून रामनगरात आत्याकडे मुक्कामाला आली होती, सकाळी उशीर नको म्हणून. नर्सिंगच्या यादीत नाव लागलं होतं. आज बेळगावला कॉलेजात मूळ कागद दाखवून सही करायची.

"अकराच्या आत," ती म्हणाली. "अकराला नाव पुकारत्यात. नसलं मानूस तर फुडचं नाव घेत्यात."

"आनि मग?"

"मग काय न्हाई. बाबा म्हनले, ह्या वर्षी लागलं तर लागलं. न्हाईतर मामाकडनं सांगून आलंय, ते उरकून टाकू."

हे ती तक्रार केल्यासारखं बोलली नाही. पाऊस थांबला, असं सांगावं तसं सांगितलं. मी मात्र मनगटावरचं घड्याळ बघितलं. आठ वाजून गेले होते. गाडी भरायला रोज नऊ-सव्वानऊ होत. पुढची बस सव्वानऊची, ती पोचणार पावणेबाराला. आणि बेळगावात शिरल्यावर कॉलेजपर्यंत अजून रिक्षा. पावणेनऊच्या आत ही गाडी हलली तरच तिचं नाव पुकारताना तिथं माणूस असणार होतं.

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो बाहेर बोनेटला टेकून उभा होता.

"सोड की रे आता," मी म्हटलं.

"सुटलीच अक्का, दोनच सीट," तो म्हणाला.

रोज अगदी हेच, ह्याच सुरात व्हायचं. मला कळलं की त्याला कळलेलं नाही. मी आवाज चढवला. "ऐकायला येत न्हाई काय? पोरीला अकराच्या आत पोचायचंय. सोड गाडी." तो हसून मान डोलावत राहिला. टपरीवर एक नवरा-बायको आणि त्यांच्यामागं एक माणूस उभा होता, त्यांनी माझा आरडाओरडा ऐकला आणि गाडी सुटतेय असं समजून ते तिघं घाईघाईनं येऊन बसले. तिघं आले तसे शोचे तिघं उतरले. एकानं कानाला फोन लावला, दुसरा लघवीला गेला, तिसरा काहीच न सांगता गेला. ड्रायव्हरनं मला खिडकीतून हळूच डोळा मारला. माझं ओरडणं त्या दिवशी इतकं खरं निघत होतं, की तो खूश झाला होता.

साडेआठ वाजले. मी खाली उतरून त्याला गाडीमागं नेलं.

"अक्का, आज लई भारी करालात," तो म्हणाला.

"मी करत न्हाई. पोरीची सीट जाईल, नर्सिंगची. आत्ता सोड."

त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं आत बघितलं, मनात मोजलं. "सातच मानसं हाईत अक्का. सोल्प, वाईच थांबा. अजून चार तरी येऊ देत. तुमी बसा जावा, तुमी बसलासा तर पंधरा मिंटात भरंल."

"आनि न्हाई भरली तर?"

"मग न्हाई भरली. मी काय करू? गाडीचा हप्ता काय ती पोरगी भरनार हाय?"

तो वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, किंबहुना जास्तच टोचून म्हणाले असते. मी परत आत जाऊन बसले. आणि का बसले, तर खरोखर पंधरा मिनिटांत भरेल ह्या आशेनं. म्हणजे तिला वाचवायला मी परत शोलाच बसले. स्वतःचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

आठ पस्तीस. आठ अडतीस. पोरीकडे घड्याळ नव्हतं, ती माझ्या मनगटाकडे बघायची. मी हात पदराखाली घेतला. गवंड्यांतला एक जण पेंगत होता. म्हातारा त्या नवरा-बायकोला काकड्यांचं कौतुक सांगत होता. टपरीवर कुणी नवं आलं नव्हतं.

मग ती अगदी हळू आवाजात बोलली.

"मावशी, मगाधरनं नऊच हाईत."

"काय?"

"मी बसले तवा नऊ हुतो. मग तिघं आले. तरी नऊच हाईत."

तिनं मागं वळून बघितलं. मागच्या सीटवर पंक्चरवाला बसला होता, हात काळे, पायात रबरी स्लीपर. तिनं त्याचे पाय बघितले. मग माझ्या मांडीवरची बॅग बघितली. हुशार पोरगी, यादीत उगाच नाव लागलं नव्हतं.

"तुमी बेळगावला जायलात न्हवं?"

व्हय म्हणायला तोंड उघडलं होतं. दोन वर्षांत ह्या प्रश्नाला मी दुसरं उत्तर दिलेलंच नव्हतं.

"न्हाई," मी म्हटलं. "मी जात न्हाई. मी रोज नुसती बसते. गाडी भरल्यागत दिसावी म्हनून. त्यो मागचा बी तसाच. खरी मानसं तुमी सात हाईसा."

मला वाटलं होतं हळू बोलले. पण माझा आवाज तो, खोलीतून टपरीपर्यंत जाणारा. सगळ्या गाडीनं ऐकलं. पेंगणारा गवंडी जागा झाला. "म्हंजे आमी काय येडे म्हनून बसलोय काय हितं?" तो म्हणाला आणि दोघंही घमेली-थापी घेऊन उतरले. नवरा-बायको एकमेकांकडे बघून उतरली. सव्वानऊच्या बसनं जाऊ, निदान सुटेल तरी, असं ती बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली. तिसरा माणूस त्यांच्यामागं गेला. पंक्चरवाल्यानं मान खाली घालून काढता पाय घेतला. म्हातारा तेवढा राहिला, कारण त्याचं पोतं टपावर बांधलेलं होतं आणि सोडायला कुणी नव्हतं.

खरं बोललं की बरं होतं म्हणतात. सात माणसांची गाडी होती, ती मी दोन माणसांवर आणली. अजून पाच जणांनी भरली असती, आता दहा लागणार होते. आठ पंचेचाळीस झाले होते.

ड्रायव्हर दारात आला. ओरडला नाही, ते जास्त लागलं. "काय केलासा हे अक्का?"

"तिला घेऊन सोड गाडी. रस्त्यात भरंल. लोंढ्याला मिळतील मानसं."

"रिकाम्या गाडीला रस्त्यात कोन हात दाखवत न्हाई," तो म्हणाला. "तुमीच शिकवलासा मला."

पोरगी तोवर उतरली होती. रडत नव्हती. पिशवीतली फाईल नीट करून ती हायवेच्या नाक्याकडे चालायला लागली, भरभर. मी तिच्यामागं गेले. तिनं थांब म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज तसाच होता, खोली उघडी. हे मला खानापूरला आठवलं.

नाक्यावर दोन ट्रक गेले, थांबले नाहीत. एक मोटार हळू झाली, आतल्यांनी आम्हाला बघितलं आणि गेली. मी अर्ध्या रस्त्यात जाऊन हात करत होते, पोरगी कडेला उभी. नऊ वाजता गोव्याकडून मासळीचा टेंपो आला आणि थांबला. ड्रायव्हर पिकल्या मिशांचा, कोंकणी बोलणारा. मी सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, एकट्या चेडवाला, म्हणजे पोरीला, मी घेणार नाही, उद्या कोण काय म्हणेल, तुम्ही पण चढा.

अशी मी त्या दिवशी बेळगावला खरोखर निघाले.

पुढं तिघांना जेमतेम जागा. खालून मासळीचं पाणी झिरपत होतं. पोरीनं पाय वर घेतले आणि फाईल ड्रेसच्या आत धरली, कागदांना वास लागू नये म्हणून. रस्ता उखडलेला, टेंपो खड्ड्यातून उतरून परत चढायचा. लोंढा मागं पडला. मग तिनं समोर बघतच विचारलं.

"रोज बसता?"

"रोज न्हाई," मी म्हटलं. एक वळण गेलं. "रोजच बसते."

तिनं मान हलवली. मी मनात शब्द जुळवत होते, की तू जे विचारलंस त्याला मी सवयीनं उत्तर दिलं, तुझ्यावर डाव धरून नाही. पण हे बोलून तिच्या पदरात काय पडणार होतं? सवयीनं पाय मुरगळला काय आणि मुद्दाम मुरगळला काय, चालायचं तिलाच होतं.

खानापूरला दहा वाजले. टेंपोवाल्याला तिथं चार क्रेट उतरवायचे होते. पाच मिनिटं म्हणाला, दहा लागली. मी खाली उतरून क्रेट ओढू लागले. तो म्हणाला, बाई, राहू दे, बर्फ सांडतोय. पोरगी आत बसून माझ्या सुटलेल्या निऱ्यांकडे बघत होती, की घड्याळाकडे, कोण जाणे. तिथून त्यानं गाडी हाणली ती चांगलीच हाणली. त्याला दोष नाही. पण बेळगावात शिरता शिरता रेल्वेचं गेट पडलं. लांबलचक मालगाडी. एकेक डबा मी मोजत होते आणि अकराला दोन मिनिटं कमी होती.

गेट उघडल्यावर त्यानं आम्हाला पहिल्या रिक्षापाशी सोडलं. तिथंही तेच, रिक्षावाला म्हणाला, थांबा, अजून एक सीट येऊ दे. मी म्हटलं, सगळ्या सीटा आमच्या, चल. आणि पैसे काढायला बॅग उघडली. बॅगेत चिंध्या. पिवळ्या, हिरव्या, अस्तराचे तुकडे. दोन वर्षांत त्या बॅगेत मी एक नोट ठेवली नव्हती, कारण ती कुठं जाणारच नव्हती. पोरीनं ते बघितलं. तिनं फाईलच्या कप्प्यातून घडी केलेली नोट काढून रिक्षावाल्याच्या हातात दिली.

कॉलेजच्या हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून बारा मिनिटं. टेबलामागं एक मॅडम, समोर खुर्चीत दुसरी एक पोरगी सही करत होती. तिची आई मागं उभी राहून पदरानं चेहरा पुसत होती, आनंदानं. आमच्या पोरीनं आपलं नाव सांगितलं. मॅडमनी यादीवर बोट फिरवलं.

"अकराला पुकारलं, अकरा पाचला पुन्हा पुकारलं. आता पुढचं नाव घेतलंय."

खुर्चीतल्या पोरीनं पेन उचलून मागं बघितलं. आमच्या पोरीनं तिच्याकडे बघितलं. दोघींच्याही हातात तसलीच फाईल होती.

मी पुढं झाले. "मॅडम, हिची चूक न्हाई. माझी हाय. हिला मी बसमधनं..." वाक्य नीट होईना. बसमध्ये चढू दिलं नाही म्हणावं, तर मी तिचा हात काही धरला नव्हता. "ही येळेत निघाली हुती. मी हिला थांबवलं."

"तुम्ही हिच्या कोण?"

आई नाही, मावशी नाही, शेजारीण नाही. गाडीत होते, असं म्हणणार होते, पण गाडीतही मी खरी नव्हतेच. मॅडम वाट बघत होत्या. पोरीनंच उत्तर दिलं.

"वळकीच्या हाईत," ती म्हणाली. "गाडी मिळाली न्हाई मॅडम, म्हनून उशीर झाला."

मॅडमचा आवाज थोडा नरमला. दुसरी यादी लागली तर लागेल, सांगता येत नाही, जागा उरल्या तर फोन येईल, नंबर लिहून जा. पोरीनं नंबर लिहिला. घरी रेंज नसते म्हणून तिनं त्याखाली रामनगरच्या आत्याचा नंबरही लिहिला. अक्षर फार सुंदर होतं. ती लिहीत होती तेवढा वेळ मी दाराशी उभी राहून रडले. ती रडली नाही, मी रडले, ह्याचीही मला लाज वाटली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चल, काहीतरी खा. मग आठवलं की माझ्याकडे पैसे नाहीत. तिनंच डबा काढला. आत्यानं दिलेली तांदळाची भाकरी आणि चटणी. कॉलेजच्या कट्ट्यावर बसून तिनं अर्धी भाकरी मला दिली. नको म्हणायची माझी पात्रता नव्हती. मी खाल्ली.

"बाबांना काय सांगनार?" मी विचारलं.

"गाडी मिळाली न्हाई म्हनून सांगनार."

"मी येते दिग्गीला. मी सांगते त्यांला, माझ्यामुळं झालं."

"नको," ती म्हणाली. "आनि ते काय म्हनतील? वडापात बसायला कुनी सांगिटलं तुला, म्हनतील. त्याच्यापरीस ती बस काय वाईट हुती, म्हनतील." डब्याचं झाकण लावत म्हणाली, "तुमी येऊ नका."

शहरातून स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. रस्त्यात शेअर रिक्षा लागल्या होत्या, आत दोन-दोन माणसं, रिक्षावाले हाका मारत होते. एकीकडेही तिनं वळून बघितलं नाही. मी त्या बसलेल्या माणसांचे पाय आणि पिशव्या बघत चालले होते. कोण जाणार आणि कोण नुसतं बसलंय, एरवी मला झटक्यात कळलं असतं. त्या दिवशी एकाचंही कळलं नाही.

स्टँडवर रामनगरची बस लागलेली होती. आत तुरळक माणसं. ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. तिचं आधार कार्ड तिच्याकडे होतं, तिला प्रवास फुकट. माझं घरी, म्हणजे माझं तिकीटही तीच काढणार होती. ड्रायव्हरची जागा रिकामी होती. कंडक्टर खाली उभा राहून कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलत होता. पाचेक मिनिटं अशीच गेली. ती सारखी पुढच्या काचेतून बाहेर बघत होती. आत्याच्या घरी दिवे लागायच्या आत पोचायचं, सकाळी परत दिग्गीची वाट, आणि तिथं बाप अंगणात उभा.

तिला जरा धीर यावा म्हणून मी म्हटलं, "सुटंल गं. पाच मिंटात सुटती ही. मला ठाव हाय."

तिनं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघून मानही हलवली, मोठ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून. मग फाईल सीटवर ठेवली, माझ्या गुडघ्यांना वळसा घालून पुढं गेली, पायऱ्या उतरून कंडक्टरपाशी गेली आणि त्याला विचारलं. तो हातानं काहीतरी सांगत होता. ती परत आली, फाईल उचलून मांडीवर घेतली आणि बसली.

"काय म्हनला?" मी विचारलं.

"पाच मिंटं," ती म्हणाली.